कॅटफिशची अंडी ते पोहती पिल्लं: बेळगाव भागातल्या घरगुती टाकीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरोघरच्या टाक्यांत दोन कॅटफिश सहज अंडी घालतात: कोरी (ब्राँझ, पेपर्ड, स्टर्बाय, पांडा) आणि ब्रिस्टलनोज प्लेको. खालची उत्तरं मुख्यतः या दोघांसाठी आहेत. दोघेही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. कोरीच्या वंशाची २०२४ मध्ये फेरमांडणी झाल्यामुळे नव्या लेखांत ब्राँझचं शास्त्रीय नाव ऑस्टियोगॅस्टर एनिया आणि पेपर्ड, पांडा, स्टर्बाय यांचं हॉप्लिसोमा असं दिसेल. मासे तेच आहेत, सांभाळायची रीतही तीच.

काचेवर अंडी चिकटलेली दिसतायत. ती कॅटफिशचीच कशावरून?

कोरीची अंडी गोल, सुटी किंवा चार-पाचच्या पुंजक्यात असतात. आकार दीड ते दोन मिलिमीटर, बोटाला कडक लागतात. काच, रुंद पानं, फिल्टरची नळी, हीटरची बाजू अशी कुठेही सापडतात, बहुतेक वेळा जिथे पाण्याचा प्रवाह लागतो तिथे. अंडी पारदर्शक, मऊ जेलीच्या थरात असतील तर ती गोगलगायीची. पाण्याच्या वर काचेला गुलाबी झुपका दिसला तर तो ॲपल स्नेलचा. पानावर किंवा नळीवर ओळीत मांडलेली अंडी आणि शेजारी पहारा देणारी जोडी दिसली तर ते एंजल मासे. ब्रिस्टलनोजची अंडी उघड्यावर क्वचितच दिसतात. ती गुहेत, नराच्या पोटाखाली, पिवळ्या-नारिंगी घोसात असतात आणि सुमारे तीन मिलिमीटरची असतात.

आमचा ‘सकर’ फूटभर झाला, तरी अंडी का घालत नाही?

कारण तो बहुधा ब्रिस्टलनोज नाही, कॉमन प्लेको आहे. तो नदीच्या काठात लांब बीळ करून त्यात अंडी घालतो. घरच्या टाकीत ते होत नाही. मोठा झाला म्हणून त्याला मार्कंडेय, घटप्रभा किंवा गावच्या तळ्यात मात्र सोडू नका. भारतातल्या कित्येक तळ्यांत आणि नद्यांत हा मासा पसरला आहे. तिथल्या माशांना तो मागे सारतो आणि काठ पोखरतो. दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. ब्रिस्टलनोज पंधरा सेंटिमीटरच्या आतच थांबतो आणि मोठ्या नराच्या थोबाडावर फाटे फुटलेल्या मिशा असतात.

अंडी टाकीतच ठेवली तर चालेल का?

ब्रिस्टलनोजची ठेवा. नर स्वतः परांनी पाणी खेळवतो, मेलेली अंडी काढून टाकतो. त्याच्याइतकं चांगलं काम आपल्याकडून होत नाही. कोरीची काढा. कोरी स्वतःचीच अंडी खातात, आणि टाकीत गप्पी, टेट्रा, बार्ब असतील तर सकाळपर्यंत काही उरत नाही. फक्त कोरी आणि दाट जावा मॉस (शेवाळासारखी पाणवनस्पती) असलेल्या टाकीत थोडी पिल्लं आपोआप वाचतात, पण ती मोजकीच.

अंडी काचेवरून काढायची कशी?

घातल्या घातल्या हात लावू नका. कवच मऊ असतं आणि चिकटपणा जास्त. तास-दोन तासांनी ते घट्ट होतं. मग हात साध्या पाण्यानं नीट धुवा, साबण नको. तर्जनीचं टोक अंड्याच्या कडेला टेकवा आणि काचेला समांतर हळूच गोल फिरवा. अंडं बोटाला चिकटून सुटतं. वरून दाबलं की फुटतं, म्हणून जोर नेहमी बाजूनं. बोटानं जमत नसेल तर जुन्या एटीएम कार्डाची कड काचेला सपाट धरून खालून सरकवा. पानावरची अंडी असतील तर पानच कापून घ्या. काढलेलं अंडं क्षणभर हवेत आलं तरी बिघडत नाही, ते सुकू मात्र देऊ नका.

अंड्यांसाठी डबा कसा मांडायचा?

दोन ते तीन लिटरचा, कडा सरळ असलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. गणपत गल्लीत किंवा कुठल्याही आठवडी बाजारात मिळतो. तेल-मसाल्याचा जुना डबा नको. तळाशी वाळू नको, दगड नको, रोपंही नकोत. पाणी आठ ते दहा सेंटिमीटर खोल पुरे. हा डबा मुख्य टाकीत तरंगत किंवा कडेला टांगून ठेवा म्हणजे तापमान आपोआप टाकीइतकं राहतं. तीन लिटरच्या डब्यात हीटर टाकायचा विचारही करू नका. थर्मोस्टॅट अडकला तर दहा मिनिटांत सगळं शिजतं.

डब्यात एक बारीक एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र खडा) हवा, आणि त्याची जागा महत्त्वाची. बुडबुडे थेट अंड्यांवर आले तर अंडी घुसळली जातात, आणि अंडी एका कोपऱ्यात निपचित पडली तर त्यांच्या भोवतीचं पाणी शिळं होतं. अंडी एका बाजूला एका थरात पसरा, स्टोन विरुद्ध बाजूला ठेवा आणि हवा नियंत्रणाच्या छोट्या कॉकनं इतकी कमी करा की अंडी जागच्या जागी किंचित थरथरतील. अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर शक्य तितकी सुटी करा. पुंजक्यात मधलं एक मेलं की त्याची बुरशी शेजाऱ्यांवर चढते.

रोज अर्धं पाणी बदला. टाकीतलंच स्वच्छ पाणी घ्या, तापमानात एक अंशाहून जास्त फरक नको.

अंडी पांढरी पडून कापूस का धरतात? बुरशीवर काय औषध?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि औषधापासून सुरू होतो, म्हणून उत्तर जरा उलट्या बाजूनं. बुरशी आधी मेलेल्या किंवा न फळलेल्या अंड्यावर बसते, मग तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यापर्यंत पोचतात. म्हणजे औषधापेक्षा आधी दोन गोष्टी पाहायच्या: अंडी फळली होती का, आणि मेलेली वेळेवर काढली का.

फळलेलं कोरीचं अंडं पहिल्या दिवशी मळकट पारदर्शक असतं आणि चोवीस ते छत्तीस तासांत पिवळसर-तपकिरी होतं. न फळलेलं दुधासारखं पांढरं होतं. दिवसातून दोनदा ड्रॉपरनं पांढरी अंडी उचला. नुसतं हे काम नेमानं केलं तर औषधाशिवायही बरीच पिल्लं निघतात.

निम्म्याहून जास्त अंडी पांढरी पडत असतील तर दोष डब्यात नाही, जोडीत आहे. नर कमी असतील, मादी पहिल्यांदाच अंडी घालत असेल किंवा मासे नुसत्या कोरड्या दाण्यावर वाढत असतील. एका मादीमागे दोन नर ठेवा. अंडी घालण्याआधी दोन-तीन आठवडे आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले झिंग्यासारखे बारीक जीव), ब्लडवर्म (लाल अळ्या) असं खाणं द्या. वरून पाहिलं तर मादी रुंद आणि गोल दिसते, नर सडपातळ.

मिथिलीन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) किती घालायचं?

एका लिटरला २ मिलिग्रॅम. बाटली एक टक्क्याची असेल तर तिच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे लिटरला ०.२ मिलिलिटर. थेंबाचा आकार ड्रॉपरप्रमाणे बदलतो (साधारण चार थेंब होतात), म्हणून सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज वापरा. दुकानातल्या पुष्कळ बाटल्यांवर टक्केवारी छापलेली नसते. तसं असेल तर पाणी निळं, पण तळाची अंडी मोजता येतील इतकंच करा.

पाणी बदलताना जेवढं नवं पाणी, तेवढ्यापुरतंच औषध. अंड्यात डोळ्याचे काळे ठिपके दिसले की औषध घालणं थांबवा आणि पुढच्या पाणीबदलांत रंग उतरू द्या. मुख्य टाकीत एक थेंबही नको, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात. डबा उन्हात ठेवू नका, प्रकाशात हे औषध विरतं. टाकीच्या कडेच्या सिलिकॉनला लागलेला डाग कायमचा.

औषध नको असेल तर?

देशी बदामाचं, झाडावरून आपोआप गळलेलं तपकिरी पान धुऊन, वाळवून घ्या. तीन लिटरला तळहाताएवढा तुकडा पुरतो. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं झालं पाहिजे, काळं नव्हे. पानातल्या टॅनिनमुळे बुरशी थोडी रोखली जाते, मिथिलीन ब्लूइतकी नाही. रस्त्याकडेच्या झाडाचं किंवा फवारणी झालेल्या बागेतलं पान घेऊ नका.

चेरी झिंगे हा दुसरा चांगला उपाय. डब्यात चार-पाच झिंगे सोडा. ते अंड्यांवरचा थर आणि कुजलेली अंडी खातात, तब्येतीच्या अंड्याचं कवच सहसा फोडत नाहीत. मात्र झिंगे आणि मिथिलीन ब्लू एकत्र वापरू नका.

नळाचं पाणी घ्यावं, विहिरीचं की बोअरचं?

अंडी ज्या पाण्यात घातली त्याच पाण्यात आधी ठेवा. बदल हळूहळू करा.

बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलहून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. चोवीस तास एअर स्टोन लावून ठेवलं की ते उडतं. घाई असेल तर हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे वापरा: १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवायचे आणि १० लिटरला त्यातलं १ मिलिलिटर घालायचं. नेहमीच्या क्लोरिनला इतकं पुरतं. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरिन वाढवलं जातं. नळ सोडल्यावर उग्र वास आला तर त्या दिवशी पाणी बदलूच नका.

खानापूरकडच्या जांभ्या पट्ट्यात विहिरीचं पाणी बहुधा मऊ मिळतं, ते या माशांना मानवतं. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या जमिनीत बोअरचं पाणी बहुधा जड असतं. ब्रिस्टलनोज आणि ब्राँझ कोरी त्यात जगतात, पण अंडी नीट फळत नाहीत. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) स्वस्त मिळतो, तो घ्याच. अंड्यांसाठी १०० ते २५० चांगलं. समजा बोअर ६०० आहे आणि घरच्या आरओचं पाणी ५०: एक भाग बोअर आणि दोन भाग आरओ मिसळलं की सुमारे २३० होतं. नुसतं आरओचं पाणी नको, त्यात पीएच टिकत नाही.

आणखी एक, आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट. थंडीत पाणी कोमट करायला तांब्याच्या बंबातलं किंवा हंड्यातलं पाणी घेतलं जातं. तांबं पिल्लांना आणि झिंग्यांना विषारी आहे. स्टीलच्या पातेल्यात गरम करा.

किती दिवसांत पिल्लं निघतात? मधे काय दिसतं?

कोरीची २४ ते २६ अंशांना तीन ते पाच दिवसांत. डब्यामागे मोबाइलची टॉर्च धरून भिंगातून पाहिलं तर दुसऱ्या दिवशी तपकिरी गर एका बाजूला गोळा झालेला दिसतो. तिसऱ्या दिवशी त्याच्याभोवती वळलेली शेपटी आणि दोन काळे ठिपके दिसतात. टॉर्च लागली की शेपूट झटक्यात हलते. असं हलणारं अंडं एक-दोन दिवसांत फुटतं.

डोळे दिसून दोन दिवस झाले, आत हालचाल आहे, पण कवच फुटत नाही, असं झालं तर आधी अर्धं पाणी ताजं करा. तरीही नाही फुटलं तर मऊ रंगाच्या ब्रशनं अंडं तळावर हलकेच घोळवा. कवच बरेचदा तेवढ्यानं उघडतं. सुईनं टोचू नका.

उन्हाळ्यात आणि थंडीत तापमान कसं राखायचं?

बेळगावात पावसाळा सोपा, खोलीचं तापमानच मासे खूश राहतील असं असतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी २० च्या खाली जातं आणि अंडी रेंगाळतात, जितकी रेंगाळतील तितकी बुरशीला सवड. ४० लिटरच्या टाकीला ५० वॉटचा हीटर पुरतो, २५ वर लावा. पेपर्ड कोरीला २२-२३ पुरे, स्टर्बायला २६-२७ लागतं.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३० पर्यंत जातं तेव्हा अंडी लवकर फुटतात, पण पिल्लं अशक्त निघतात आणि पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. झाकण काढा, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. त्यानं दोन-तीन अंश उतरतात. टाकीत बर्फ टाकू नका.

रात्री वीज गेली तर?

हीटरची चिंता नंतर करा, आधी हवेची. डब्यातली अंडी दोन-तीन तास हवेशिवाय काढतात, पण पुंजक्यातली गुदमरतात. सेलवर चालणारा, वीज गेली की आपोआप सुरू होणारा एअर पंप खेड्यात राहणाऱ्यांनी घेऊनच ठेवावा. तो नसेल तर दर अर्ध्या तासानं कपानं पाणी उचलून वरून परत ओता. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं, म्हणून नळीत चेक व्हॉल्व्ह लावा.

सगळं नीट असूनही एका रात्रीत सगळी पिल्लं मेली. असं का?

खोलीत काय जाळलं किंवा फवारलं ते आठवा. डासांच्या कॉइलमधली, लिक्विडमधली आणि झुरळांच्या स्प्रेमधली पायरेथ्रॉइड प्रकारची औषधं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो. पावसाळ्यात टाकीच्या खोलीत कॉइल नको. गल्लीत धुराची फवारणी आली की पंप अर्धा तास बंद करून टाकी ओल्या चादरीनं झाका.

निपाणी भागात तंबाखूचा हंगाम हे दुसरं कारण. निकोटिन माशांना विषारी आहे. तंबाखू हाताळलेला हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पाण्यात घालू नका, आणि तंबाखूच्या खोलीत पंप ठेवू नका. ऊस-भाजीवर फवारणी करून आल्यावरही तेच.

ब्रिस्टलनोजच्या नरानं अंड्यांचा घोस गुहेबाहेर टाकला. आता?

परत आत ठेवू नका, तो पुन्हा टाकेल. नर तरुण असेल, गुहा सैल असेल किंवा दुसरा नर त्रास देत असेल तर असं होतं. घोस चमच्यानं उचलून टांगत्या जाळीत किंवा डब्यात ठेवा आणि बुडबुड्यांच्या इतका जवळ ठेवा की अख्खा घोस हलत राहील. कोरीपेक्षा याला जास्त हालचाल लागते, कारण नर सतत शेपूट-पंख मारत असतो. घोस ओढून तोडू नका. पांढरी अंडी चिमट्यानं काढा. चार ते सात दिवसांत पिल्लं निघतात, पोटाशी मोठी पिवळी पिशवी घेऊन. ती संपायला आणखी पाच-सात दिवस. तोवर खाणं द्यायचं नाही.

पुढच्या वेळेसाठी गुहा बदला. नर आत शिरल्यावर जेमतेम वळेल इतकीच हवी: आतून चार ते पाच सेंटिमीटर रुंद, बारा ते पंधरा सेंटिमीटर लांब, मागचं तोंड बंद. पीव्हीसी पाइप आणि एंडकॅप चालतं. खानापुरी कुंभाराकडून बिनरंगाची, बिनचकाकीची भाजलेली मातीची नळी करून घेतली तर त्याहून चांगलं, आत खरखरीत असल्यानं घोस धरून राहतो.

पिल्लांना पहिलं खाणं काय, कधी?

कोरीची पिल्लं पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर असतात. तो संपला की मायक्रोवर्म (अगदी बारीक पांढरे किडे) किंवा नुकती फुटलेली आर्टेमिया. आर्टेमियासाठी एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि आर्टेमियाची एक ग्रॅम अंडी घाला. २६ ते २८ अंश तापमान, जोरात हवा आणि दिव्याचा उजेड द्या. चोवीस तासांत फुटते. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर येतात, नारिंगी जीव खाली जमतात. ते कापडातून गाळून, गोड्या पाण्यात धुऊनच द्या.

उकडलेल्या अंड्याचा बलक देऊ नका. निम्मा तळाशी राहतो आणि सकाळपर्यंत पाणी नासतं.

ब्रिस्टलनोजच्या पिल्लांना भाजी लागते: सोललेली काकडी, दोडका, वाफवलेला पालक. बाजारातल्या भाजीवर फवारणी असते, म्हणून साल काढा आणि मिठाच्या पाण्यात धुऊन मग साध्या पाण्यात खंगाळा. तुकडा बारा तासांत बाहेर काढा. टाकीत लाकडाचा ओंडका असेल तर पिल्लं त्यालाच चिकटून चरतात.

पिल्लं दुसऱ्या आठवड्यात एकेक करून मरतात.

तळ बोटानं पुसून बघा. बुळबुळीत लागला तर कारण सापडलं. कोरीचं पिल्लू पोट तळाला टेकून जगतं. त्या थरातल्या जिवाणूंमुळे आधी मिशा झिजतात, मग पर. रोज खाण्यानंतर तासाभरानं हवेच्या बारीक नळीनं तळ ओढून घ्या, आठवड्यातून दोनदा पिल्लं दुसऱ्या डब्यात हलवून पहिला डबा घासा. खाणं दिवसातून तीनदा, दर वेळी दहा मिनिटांत संपेल इतकंच. एका डब्यात पन्नास पिल्लं कोंबण्यापेक्षा वीस-वीसचे गट करा.

पावसाळ्यातच कोरी अंडी का घालतात? इतर वेळी घालायला लावता येतात का?

त्यांच्या मुलखातही पावसाचं ताजं, थंड, मऊ पाणी आलं की विणीचा हंगाम येतो. आपल्याकडे जूनमध्ये ढग दाटले, हवेचा दाब उतरला की टाकीतही हालचाल सुरू होते. इतर वेळी संध्याकाळी ४० टक्के पाणी बदला, नवं पाणी टाकीपेक्षा तीन-चार अंश थंड. दोन-तीन दिवस ओळीनं करा. नर मादीमागे धावायला लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी काच तपासा.

पिल्लं मोठी कधी धरायची, आणि कोल्हापूर किंवा गोव्याला पाठवायची कशी?

दीड सेंटिमीटर झाली की मोठ्या टाकीत सोडायला हरकत नाही, साधारण पाच-सहा आठवड्यांत. पाठवण्याआधी चोवीस तास उपाशी ठेवा. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. कोरीच्या परांचे काटे पिशवीला भोक पाडतात, म्हणून दोन पिशव्या एकात एक घाला आणि खालचे दोन्ही कोपरे रबरानं बांधून गोल करा, कोपऱ्यात पिल्लं अडकून चिरडतात. घाबरलेली कोरी अंगातून विषारी स्राव सोडते आणि बंद पिशवीत त्यानं स्वतःच मरते. त्यासाठी पकडलेली पिल्लं आधी बादलीत पंधरा-वीस मिनिटं हवेवर ठेवा, फेस दिसला तर पाणी बदला, आणि मगच ताज्या पाण्यात पिशवी भरा.